आवडती बाटली महागली? खान्देशातल्या नव्या वाइनप्रेमींसाठी

जळगाव-धुळ्याकडे मित्रांच्या घोळक्यात वाइन पिणारा अजूनही एखादाच निघतो. बाकीच्यांचा ब्रँड ठरलेला, हिशेब ठरलेला. हा मात्र दुकानाच्या मागच्या फळीवर, ट्यूबलाइटच्या अगदी खाली उभ्या असलेल्या आठ-दहा बाटल्यांकडे मान वर करून बघत राहतो. दुकानदार ‘हाई कोन पेस भाऊ?’ असं म्हणत फडक्यानं बाटली पुसून देतो. भाव सांगतो. तो मागच्या वेळेपेक्षा चढलेला असतो.

ज्यांनी अलीकडेच वाइन प्यायला सुरुवात केली, एखादी बाटली आवडली, आणि आता तिच्या भावानं ज्यांना घाम फुटतोय, त्यांच्यासाठी हे लिहितोय. (वय २१ च्या आत असेल तर इथेच थांबा.)

आधी एक गणित. ७५० मिलीच्या बाटलीत १५० मिलीचे पाच पेले होतात. बाटली हजाराची धरली तर पेला दोनशेला पडला. भाव दहा टक्क्यांनी वाढला की बाटलीमागे शंभर रुपये जास्त जातात. पण शनिवारी उघडलेल्या बाटलीतले दोन पेले पुढच्या गुरुवारी आंबट झाले म्हणून मोरीत ओतले, तर चारशे गेले. आणि मे महिन्यात बाटली गाडीच्या डिकीत दुपारभर राहिली तर हजारच्या हजार गेले. भाववाढ आपल्या हातात नाही. ही गळती मात्र हातात आहे, आणि खान्देशात ती भाववाढीपेक्षा मोठी आहे. म्हणून खालच्या पायऱ्यांमध्ये स्वस्त बाटली कुठे मिळते यापेक्षा घेतलेली बाटली वाया कशी जाऊ द्यायची नाही, यावर जास्त लिहिलंय.

पहिली पायरी: भाव कशानं चढतो ते बघा

एका बाटलीला साधारण किलो-सव्वा किलो द्राक्षं लागतात. किमतीतला त्यांचा वाटा आपल्याला वाटतो त्याहून लहान असतो. काच, झाकण, लेबल, पुठ्ठ्याची पेटी, वाहतूक, कर, घाऊक आणि किरकोळ विक्रेत्याचं मार्जिन हे सगळं त्यावर चढत जातं. पिण्याची दारू जीएसटीच्या बाहेर आहे. त्यामुळे वायनरीनं काचेवर, झाकणावर, पेटीवर जो जीएसटी भरला तो तिला पुढे वजा करून घेता येत नाही, आणि शेवटी तो आपल्याच बाटलीत येऊन बसतो. ओकच्या पिंपात मुरवलेली वाइन असेल तर पिंप बहुधा फ्रान्स किंवा अमेरिकेहून आलेलं असतं. २२५ लिटरच्या एका पिंपातून ३०० बाटल्या निघतात. युरो-डॉलर वधारले की पिंपही वधारतं. शिवाय नाशिककडचा अवकाळी आणि गारपीट आहेच. रावेर-यावलच्या केळीवाल्यांना त्याबद्दल मी काय सांगणार!

करांची बाजू नव्या माणसाला माहीत असावी, कारण निवड तिथूनच सोपी होते. महाराष्ट्रातल्या द्राक्षांपासून महाराष्ट्रातच तयार झालेल्या वाइनवर २० टक्के व्हॅट लागतो, आणि त्या वीसपैकी १६ टक्के सरकार वायनरीला प्रोत्साहन म्हणून परत देतं. २००१ च्या द्राक्ष प्रक्रिया उद्योग धोरणापासून राज्यानं वाइनला असा हात दिलेला आहे. जून २०२५ मध्ये व्हिस्की-रमवाल्यांचं शुल्क वाढलं तेव्हाही बिअर आणि वाइन त्यातून वगळली होती. परराज्यातल्या वाइनला ही सवलत मिळत नाही. बहुतेक परदेशी वाइनवर तर केंद्राचा आयात करच उपकरासकट १५० टक्के आहे. बंदरावर आठशेला उतरलेली बाटली त्या एका करानंच दोन हजारांवर जाते. राज्याचं शुल्क आणि दुकानदाराचं मार्जिन अजून पुढे आहे.

एक मोठा अपवाद ऑस्ट्रेलियाचा. २९ डिसेंबर २०२२ पासून लागू झालेल्या व्यापार करारात पाच अमेरिकी डॉलरच्या वरच्या बाटलीवरचा कर १००, आणि पंधरा डॉलरच्या वरच्या बाटलीवरचा ७५ टक्क्यांवर आला. दहा वर्षांत टप्प्याटप्प्यानं तो ५० आणि २५ वर यायचा आहे. परदेशीच हवी असेल तर सध्या तिकडची बघावी.

एक आशा मात्र सोडून द्या. जानेवारी २०२२ मध्ये मोठ्या किराणा दुकानांत आणि सुपरमार्केटात वाइन ठेवायला मंत्रिमंडळानं मंजुरी दिली होती. त्यावर इतकं रान उठलं की प्रत्यक्षात काही आलं नाही.

दुसरी पायरी: दुकानात बाटली हातात घेऊन बघा

कांदे घेताना आपण चार उलटेसुलटे करून बघतो आणि हजाराची वाइन मात्र दुकानदार देईल ती पिशवीत टाकतो. असं करू नका.

सगळ्यात आधी लेबलवर द्राक्षाच्या हंगामाचं वर्ष शोधा. आपल्याकडे वाइनच्या द्राक्षांची तोडणी जानेवारी ते मार्चमध्ये होते, त्यामुळे त्या वर्षाची पांढरी वाइन त्याच वर्षी बाजारात येऊ शकते. पांढरी आणि रोझे जितकी ताजी तितकी बरी. दोन वर्षांपेक्षा जुनी दिसली तर ठेवून द्या. ‘वाइन जितकी जुनी तितकी भारी’ हे वाक्य दुकानदार हमखास ऐकवतो. ते मोजक्या वाइनला लागू पडतं, तेही थंड तळघरात मुरलेल्या. धरणगावच्या किंवा शहाद्याच्या दुकानात तीन उन्हाळे काढलेल्या बाटलीला कोणी मुरलेली म्हणत नाही. वर्ष छापलेलंच नसेल तर मागच्या लेबलवरची बाटली भरल्याची तारीख बघा.

मग बाटली उजेडात धरा. पांढरी वाइन फिकट पिवळी, थोडी हिरवट झाक असलेली दिसायला हवी. चहाच्या रंगाकडे झुकली असेल तर ती गेली. रोझे गुलाबी हवी, विटकरी नको. गळ्यातली पातळी शेजारच्या बाटल्यांपेक्षा खाली असेल तर वाइन झिरपली आहे. बूच असलेल्या बाटलीच्या टोकावरून अंगठा फिरवा. आत बूच फुगून वर आल्यासारखं लागलं, किंवा वेष्टनाखाली चिकट ओघळ लागला, तर ती बाटली उन्हात तापून गेलेली आहे: आतली वाइन प्रसरण पावली, तिनं बूच ढकललं. फिरकीचं झाकण असलेल्या बाटल्या या बाबतीत बऱ्या, आणि आपल्याकडच्या बऱ्याच चांगल्या वाइन फिरकीच्या झाकणातच येतात. बूच म्हणजे उंची आणि झाकण म्हणजे हलकी, हा समज काढून टाका. खान्देशी हवेत झाकणच भलं.

बाटली दुकानात कुठे उभी होती हेही बघा. दारातली, काचेच्या शोकेसमधली, सगळ्यात वरच्या फळीवरची घेऊ नका. दुकानदाराला विचारायचा एकच प्रश्न: ‘नवीन पेटी आहे का?’ असेल तर आतून काढून द्यायला सांगा. तालुक्याच्या गावी वाइनचा खप कमी, एक पेटी महिनोन्महिने पुरते, त्यामुळे तिथे घेण्यापेक्षा जळगाव, भुसावळ, धुळ्यात जिथे खप जास्त आहे अशा दुकानात घ्या. ‘जुना स्टॉक आहे, शंभर कमी द्या’ हा सौदा मोहात पाडतो. घेऊ नका.

आणि एमआरपीच्या वर एक रुपयाही देऊ नका. ‘थंड बाटलीचे वीस जादा’ हे चालत नाही. छापील किमतीपेक्षा जास्त घेणं वैधमापन नियमांत बसत नाही. बिल मागा. कटकट झाली तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे. बिल मागितल्यावर बहुतेक वेळा प्रश्न तिथेच मिटतो.

तिसरी पायरी: आवडत्या बाटलीचा चुलतभाऊ शोधा

एखादी बाटली का आवडते ते आधी स्वतःला विचारा. बहुतेकदा आपल्याला आवडलेलं असतं द्राक्ष, आणि आपण पैसे मोजत असतो नावाला.

न्यूझीलंडची सोविन्यों ब्लां ही पांढरी वाइन आवडत असेल तर नाशिकची घेऊन बघा. हिरव्या मिरचीसारखा, कापलेल्या पेरूसारखा तो वास इथेही येतो. ऑस्ट्रेलियन शिराझ या लाल वाइनवर जीव असेल तर सुलाची दिंडोरी रिझर्व्ह शिराझ किंवा इगतपुरी-नाशिक भागातल्या दुसऱ्या वायनऱ्यांची शिराझ घ्या. फ्रेंच बोर्दोसारखी कॅबर्ने हवी असेल तर ग्रोवर झाम्पाची ला रिझर्व्ह (तिच्यात कॅबर्नेबरोबर शिराझही असते) किंवा अकलूजच्या फ्रातेल्लीची कॅबर्ने बघा. शॅम्पेनची हौस असेल तर तिचा खिसा वेगळा असतो. ती हौस दिंडोरीत बनणाऱ्या शांदों किंवा सुलाच्या ब्रूटवर (म्हणजे गोड नसलेल्या, फसफसणाऱ्या वाइनवर) भागवता येते. बाटलीतच दुसऱ्यांदा आंबवून बुडबुडे आणायची पद्धत आपल्याकडेही वापरतात.

आवडती वाइन भारतीयच असेल तर एक पायरी खाली उतरून बघा. ‘रिझर्व्ह’ लिहिलेल्या बाटलीशेजारी त्याच वायनरीची त्याच द्राक्षाची साधी बाटली असते. फरक बहुतेक पिंपाचा असतो. पांढऱ्या वाइनमध्ये हा फरक कित्येकांना जाणवतही नाही, किंबहुना साधीच जास्त आवडते. लालमध्ये मात्र मी फार खाली उतरू नका म्हणेन. स्वस्त लाल वाइन पातळ, आंबट किंवा साखरेनं झाकलेली निघण्याची शक्यता जास्त. माझा हिशेब असा: पांढऱ्यात वाचवा, लालमध्ये ते पैसे घाला. शेनिन ब्लां हे द्राक्ष त्यातल्या त्यात सर्वांत पैसेवसूल. नाशिकला ते भरपूर पिकतं, त्याची वाइन फळाळ असते, आणि किमतीच्या मधल्या फळीवर मिळते.

गोड, ‘पोर्ट’ नावानं मिळणारी सगळ्यात स्वस्त बाटली घेऊन ‘वाइन तब्येतीला चांगली’ म्हणणाऱ्यांच्या नादी लागू नका. वाइन औषध नाही, आणि त्या बाटलीत साखर भरपूर असते.

चौथी पायरी: वर्षातून एकदा नाशिक

धुळ्याहून नाशिक १६० किलोमीटरच्या आसपास, जळगावहून अडीचशेच्या. आपल्याकडची माणसं दवाखान्याला, मुलांच्या क्लासला, लग्नाला नाशिकला जातातच. त्यातली एक फेरी दिवाळी ते होळीच्या दरम्यान असेल तर वायनरीकडे गाडी वळवा. गंगापूर धरणाच्या बाजूला सुला आणि यॉर्क शेजारी-शेजारी आहेत. वणीच्या रस्त्यावर दिंडोरी लागते. जानेवारी-फेब्रुवारीत गेलात तर तोडणी सुरू असते, ट्रॅक्टरमधून क्रेट उतरताना दिसतात.

वायनरीत दोन फायदे. एक, विकत घेण्याआधी चाखता येतं. थोडे पैसे भरून चार-सहा वाइन घोट-घोट घेतल्या की कोणती आपली नाही ते लगेच कळतं, आणि न आवडणाऱ्या बाटलीवरचे हजार वाचतात. दुसरा, बाटली थेट थंड गोदामातून येते. तिनं एकही उन्हाळा दुकानात काढलेला नसतो. पेटीवर काही सूट किंवा योजना आहे का ते विचारून घ्या, न विचारता कोणी सांगत नाही.

गाडी चालवणाऱ्यानं चाखायचं नाही. परतीला चांदवडचा राहुड घाट आहे, आणि महामार्गावर ट्रकची रांग. चाखायचंच असेल तर चालवणारा दुसरा घ्या किंवा मुक्काम करा.

आणि सप्तशृंगी गडाच्या दर्शनाची फेरी व वाइनची फेरी एकत्र करू नका. दिंडोरी वाटेवर आहे हे खरं, पण मागच्या सीटवर आई बसलेली असताना डिकीत बाटल्यांची किणकिण नको.

पाचवी पायरी: ऊन

इथे जरा थांबून वाचा, कारण पुण्या-मुंबईच्या माणसाला जे सांगावं लागत नाही ते आपल्याला सांगावं लागतं.

वाइन ठेवायला १२ ते १५ अंश सेल्सिअस तापमान चांगलं. पंचविशीच्या वर ती लवकर म्हातारी होते, आणि पस्तीस-चाळीसला काही दिवस राहिली तर शिजते. शिजलेल्या वाइनला ताज्या फळाचा वास राहत नाही. मुरंब्यासारखा, उकडलेल्या मनुकांसारखा वास येतो आणि चव सपाट लागते. भुसावळ-जळगावला एप्रिल-मेमध्ये पारा ४४-४५ ला टेकतो. वरच्या मजल्यावरच्या स्लॅबच्या खोलीत रात्री बारालाही भिंती गरम असतात. त्या खोलीतल्या शोकेसमध्ये हौसेनं मांडलेल्या बाटल्या म्हणजे चुलीशेजारी ठेवलेलं लोणी.

म्हणून खान्देशातला पहिला नियम: साठा करू नका. ‘भाव वाढायच्या आत पेटी घेऊन ठेवू’ हा विचार नाशिकला किंवा महाबळेश्वरला ठीक आहे. इथे दिवाळीनंतर सहा बाटल्या घ्या आणि होळीपर्यंत संपवा. मार्चनंतर एका वेळी एकच बाटली आणा, ज्या आठवड्यात प्यायची त्याच आठवड्यात.

फ्रीज हेच आपलं खरं तळघर. भाजीचा खालचा कप्पा सगळ्यात बरा. तो बाकी फ्रीजपेक्षा किंचित कमी थंड असतो आणि दारासारखा सतत हलत नाही. फिरकीच्या झाकणाची बाटली तिथे काही महिने आरामात राहते. बुचाची असेल तर आडवी ठेवा, म्हणजे बूच ओलं राहतं. आता हे लिहिणं सोपं आहे. ज्या घरात आजी माळकरी आहे, एकादशीला साबुदाणा त्याच फ्रीजमध्ये भिजतो, त्या घरात मेथीच्या जुडीखाली बाटली ठेवणं ही वेगळीच कला आहे. घरच्यांना न दुखवता जमत नसेल तर एखाद्या मित्राच्या फ्रीजमध्ये कायमची जागा मागून घ्या. बदल्यात एक पेला द्यावा लागतो.

फ्रीज नसेल किंवा भरलेला असेल तर गावाकडचं धाब्याचं घर आठवा. मातीच्या जाड भिंती, वर खारी मातीचं धाबं. मधल्या खोलीत, जमिनीलगत, धान्याच्या बळदाच्या शेजारी भर उन्हाळ्यातही बाहेरच्यापेक्षा पुष्कळ गार असतं. तिथे महिना-पंधरा दिवस बाटली टिकते. शहरात स्लॅबच्या घरात सगळ्यात खालचा मजला, पश्चिमेची भिंत सोडून, पलंगाखाली.

कूलरचा एक उपयोग फार कमी लोक करतात. बाटलीला गोणपाट गुंडाळा, ते भिजवा आणि बाटली कूलरच्या झोतात उभी करा. एप्रिल-मेची हवा कोरडी ठणठणीत असते, पाणी झपाट्यानं उडतं, आणि बाहेर ४३ असताना बाटली पंचविशीच्या जवळपास उतरते. गोणपाट वाळलं की पुन्हा भिजवायचं. लोडशेडिंगमध्ये कूलर बंद पडला तर हेच दारातल्या वाऱ्यावर करा, थोडं कमी चालतं. जूनमध्ये हवा दमट झाली की मात्र ही युक्ती संपली.

छोटे वाइन कूलर ऑनलाइन मिळतात. घ्यायच्या आधी त्यात कॉम्प्रेसर आहे का बघा. बिनकॉम्प्रेसरचे, थर्मोइलेक्ट्रिक प्रकारचे स्वस्त असतात, पण ते खोलीच्या तापमानापेक्षा ठरावीक अंशच खाली जाऊ शकतात; आपल्याकडच्या दुपारी ते धापा टाकतात. वीसेक बाटल्या कायम घरात राहणार नसतील तर दोन्ही प्रकार विसरा.

वाहतूक. उन्हात उभ्या गाडीची डिकी भट्टीसारखी तापते. नाशिकहून येताना बाटल्या थर्माकोलच्या पेटीत, खाली-वर बर्फाच्या पिशव्या ठेवून, एसी सुरू असलेल्या भागात आणा. मालेगावला जेवायला थांबलात तर पेटी सावलीत किंवा सोबत. शक्यतो पहाटे निघा.

आता पिण्याच्या वेळचं. ‘लाल वाइन खोलीच्या तापमानाला प्यावी’ हा सल्ला ज्या देशातून आला तिथली खोली १७-१८ अंशांची. आपली खोली ३८ ची. लाल वाइन पाऊण तास फ्रीजमध्ये ठेवूनच उघडा. पांढरी दोन-तीन तास. पाहुणे दारात आले आणि बाटली गरम आहे? बादलीत बर्फ, पाणी आणि मूठभर खडे मीठ टाकून बाटली गळ्यापर्यंत बुडवा. वीस मिनिटं पुरतात. पेल्यात बर्फाचे खडे टाकू नका, अर्धे पैसे पाण्याचे होतात. गरम लाल वाइनमध्ये दारूचा भपकारा पुढे येतो आणि माणूस म्हणतो, बाटली खराब आहे, पुढच्या वेळी महागातली घेऊ. बाटली ठीक असते.

सहावी पायरी: उघडलेली बाटली

एकट्या-दुकट्यानं पाच पेले एका बैठकीत संपवायचे नाहीत, संपवूही नयेत. म्हणून बाटली उघडल्या उघडल्या, पहिला पेला ओतायच्या आधी, अर्धी वाइन एका स्वच्छ, कोरड्या, लहान काचेच्या बाटलीत गळ्यापर्यंत काठोकाठ भरा, घट्ट झाकण लावा आणि फ्रीजमध्ये ठेवा. ३७५ मिलीची रिकामी बाटली असेल तर उत्तमच. वाइन बिघडते ती हवेनं. बाटलीत हवाच उरली नाही तर हा अर्धा भाग आठवडाभर चांगला राहतो. एक बाटली दोन शनिवारांना पुरते. हे एकच केलंत तरी वर्षाची भाववाढ भरून निघते.

तसंच उघडून ठेवलेली लाल-पांढरी फ्रीजमध्ये तीन-चार दिवस, फसफसणारी जेमतेम एक-दोन. लालही उघडल्यावर फ्रीजमध्येच. तरी आंबली तर रश्श्यात घाला, मटणाला चालते.

सातवी पायरी: ताट बघून बाटली

आपल्या काळ्या मसाल्यापुढे महाग वाइन उघडणं ही उधळपट्टी आहे. तिखटानं लाल वाइनचा तुरटपणा आणखी बोचतो आणि दारूची जळजळ वाढते; पिंपाचा नाजूक वास शेवभाजीच्या तर्रीखाली कुठे जातो ते कळतही नाही. शेवभाजी, पातोड्यांची रस्साभाजी, फौजदारी डाळ यांच्याबरोबर किंचित गोडसर, थंडगार शेनिन ब्लां किंवा रोझे लावा. त्या स्वस्तही आहेत.

भरताचं वेगळं. हिवाळ्यात शेतात काट्यांवर भाजलेली वांगी, ठेचलेली हिरवी मिरची, लसूण, शेंगदाणे, कांद्याची पात, सोबत कळण्याची भाकरी: याबरोबर सोविन्यों ब्लां इतकी जमते की मिरचीचा हिरवेपणा आणि वाइनचा हिरवेपणा एकमेकांत मिसळतात. भरीत पार्टीला एक बाटली थंड पाण्याच्या मडक्यात बुडवून नेऊन बघा. वरणबट्टीवर तूप सढळ असेल तर ब्रूट; बुडबुडे तूप कापतात. काळ्या मसाल्याच्या मटणाला शिराझ, पण थंड केलेली आणि साधी. आमरस-मांड्यांबरोबर काहीच उघडू नका, कोणतीही वाइन त्यापुढे आंबट लागते.

महागडी बाटली असेलच तर ती सौम्य ताटासाठी राखा.

आठवी पायरी: सीमा आणि परवाना

थोडक्यात. महाराष्ट्रात मद्यपरवाना असतो, तो काढून ठेवा. एक वर्षाचा आणि आजीवन दोन्ही मिळतात. घरात किती ठेवता येते याची मर्यादा असते, पेट्या रचायच्या आधी ती बघा.

बऱ्हाणपूर किंवा सेंधव्याला दोन पैसे स्वस्त दिसलं म्हणून तिकडून आणू नका. दुसऱ्या राज्यात शुल्क भरलेली दारू इथे विनापरवाना आणणं गुन्हा आहे, आणि हाडाखेडच्या बाजूला तपासणी असते. गोव्याहून ‘आठवण’ म्हणून आणायच्या बाटल्यांनाही हेच लागू. गुजरातेत तर दारूबंदी १९६० पासून. नवापूर स्टेशनचा थोडा फलाट महाराष्ट्रात आणि थोडा गुजरातेत आहे. तेवढी काही पावलंही बाटली घेऊन चालू नका. सुरतेच्या मामाला भेट म्हणून केळीचे वेफर न्या.

घरी वाइन बनवायचा मोह जांभळाच्या, केळीच्या दिवसांत अनेकांना होतो. विनापरवाना तीही चालत नाही.

नववी पायरी: वाइनची भिशी

बायकांची भिशी, दुकानदारांची भिशी, मग वाइनची का नको? पाच-सहा जण जमवा. महिन्याला प्रत्येकी ठरावीक वर्गणी, दोन बाटल्या, आळीपाळीनं एकाचं घर. एकट्यानं हजार घालवून एक वाइन कळते. इथे दोन-चारशेत दोन कळतात. उरलेल्या पेल्यांचा प्रश्नच येत नाही, आणि बाटली घरात पडून तापतही नाही. वर्गणी काढून बाटली आणणं वेगळं, पेल्याला पैसे लावणं वेगळं. दुसरी विक्री ठरते, ती नको.

बाटल्या वर्तमानपत्रात गुंडाळा, वर १ आणि २ असे आकडे टाका. एक महागाची, एक तिच्या चुलतभावाची, त्याच द्राक्षाची. गुंडाळणाऱ्यानं तोंड बंद ठेवायचं. प्रत्येकानं कागदावर आपला आकडा लिहायचा, चर्चा नंतर. नाहीतर गटात जो मोठ्यानं बोलतो त्याचीच चव सगळ्यांना लागते. सोबत शेव नको, साधे फुटाणे आणि पाणी ठेवा. जेवण नंतर.

कागद उघडायच्या आधी बाटल्या हलवून बघा, कोणती जास्त रिकामी झाली. लोक कागदावर काहीही लिहितात. पुढच्या महिन्याला जी आधी संपली ती घ्यायची.